पाठीतला कागद

न्हाणीघरातला नळ वाहत होता... मघापासून वाहतच होता!

सकाळचे आठ वाजून गेले होते. स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी आत्या एका तळहातावर आपली गोळी आणि दुसऱ्या हातात पाण्याचा पेला घेऊन उभी होती, आणि गोळी तोंडात टाकायचं विसरून नुसती कान देऊन तो आवाज ऐकत होती. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, वीस झाली... बादली केव्हाच भरून वाहायला लागली असणार. पण तांब्या बुडाल्याचा, अंगावर पाणी पडल्याचा, कसला म्हणून दुसरा आवाज आतून येत नव्हता. नुसता नळ. एकसुरी, न थांबणारा.

"ठके, अगं टाकी रिकामी करतेस की काय?" वहिनींनी दारावर थाप मारली. "तुझ्या बाबांची अजून दाढी व्हायचीय. निम्म्या दाढीनं शाळेत गेले तर मुख्याध्यापक म्हणून कुणी आत घ्यायचं नाही त्यांना!"

आतून काहीच नाही.

"कानात बोळे घातलेस का गं?"

"घातलेत," ठकीचा आवाज आला, अगदी बारीक, विहिरीच्या तळातून यावा तसा. "तरी ऐकू येतं, आई."

वहिनी हसल्या. एकवीस वर्षांच्या लेकीनं आपली गंमत केली असं त्यांना वाटलं. "हुशार आहेस हो!" म्हणत त्या शेगडीकडे वळल्या... आणि त्याच क्षणी आत्याचा तळहात असा काही कलला, की गोळी ओघळून ओट्याखाली गेली.

"काय हे वन्सं! तुम्ही पण सकाळी सकाळी..."

आत्या खाली वाकली. गोळी शोधायचं निमित्त मिळालं ते बरंच झालं, नाहीतर तिनं तो चेहरा लपवला कुठं असता? तिला लख्ख कळून चुकलं होतं. सव्वीस वर्षांपूर्वी, ती स्वतः चोवीस वर्षांची असताना, ह्याच न्हाणीघरात ह्याच नळाखाली हात धरून ती अशीच तासन्‌तास उभी राहिली होती. कारण पाणी वाहत असलं की 'तो' बोलत नसे. 'तो' म्हणजे कुणीच नव्हे, एक आवाज. ती उठली की "बघा, उठली" म्हणणारा, जेवायला बसली की "लाज नाही हिला" म्हणणारा, भिंतीतून, छतातून, रस्त्यावरच्या गर्दीतून तिच्या एकटीच्याच मागं लागलेला...

तेव्हा तिनं तीन महिने रुग्णालयात काढले होते. ती परत आली त्या दिवशी आईनं तिला जवळ बसवलं, तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला, आणि म्हणाली, "बाहेर कुणाला कळू देऊ नकोस. दादाचं नुकतंच लग्न झालंय, उद्या त्याला लेकरंबाळं होतील. तुझ्यामुळं त्यांच्या वाट्याला लोकांचं बोलणं यायला नको. मला शब्द दे." तिनं शब्द दिला. पुढं आई गेली. तिचा हातही सुटला. शब्द तेवढा सुटला नाही.

आणि मग त्या शब्दाभोवती सगळ्या घरानं एक खोटं अगदी प्रेमानं, जपून, रोज थोडं थोडं करत उभं केलं. तिच्या गोळ्या जीवनसत्त्वाच्या बाटलीत राहू लागल्या. महिन्यातून एकदा ती डॉक्टरांकडे जाई, तेव्हा वहिनी शेजारच्या बायकांना सांगत, "वन्सं दाताच्या डॉक्टरकडे गेल्यात." सव्वीस वर्षं दर महिन्याला दात दाखवणाऱ्या ह्या बाईच्या तोंडात एकूण दात तरी किती, असा प्रश्न कुणाला कसा पडला नाही कोण जाणे! पाहुणे आले की तिचं डोकं दुखायचं ठरलेलं असे, आणि ती मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेई. 'वेड' हा शब्द तर घरातून हद्दपारच झाला होता. ठकी लहानपणी एकदा "मला गोष्टींचं वेड आहे" म्हणाली, तर वहिनींनी तिच्या तोंडावर हात ठेवला होता आणि पोरगी आपलं काय चुकलं म्हणून दिवसभर हिरमुसून बसली होती.

त्या घरात दुष्ट कुणी नव्हतं. दुष्ट कुणी असतं तर आत्याला रागावता तरी आलं असतं!

गेले दोन महिने ठकीनं खिडकीच्या काचांना वर्तमानपत्रं चिकटवली होती. कॉलेजला जाणं बंद केलं होतं. ज्या आत्याच्या मांडीवर बसून ती अक्षरं शिकली, त्या आत्याशीही ती बोलेनाशी झाली होती. 'अभ्यास', 'परीक्षा', 'वय' अशी नावं घरानं त्याला देऊन झाली होती. आत्यानंही स्वतःला तेच समजावलं होतं. आज मात्र नळ वाहिला, आणि समजूत त्याबरोबर वाहून गेली.

*

आत्या पुस्तकं बांधायची. घरापासून अर्ध्या तासाच्या चालीवर एक छोटा बांधणीखाना होता. आजारातून उठल्यावर तिथल्या मास्तरांनी तिला, काही न विचारता, सुई-दोरा हातात देऊन फर्मे, म्हणजे दुमडलेल्या पानांचे जुडगे, शिवायला बसवलं होतं. मास्तर गेल्यावर तो तीच चालवू लागली. सार्वजनिक ग्रंथालयातली फाटकी पुस्तकं तिच्याकडे यायची. ती त्यांची जुनी शिवण उसवायची, पानं जुळवायची, पुन्हा शिवायची, पाठीला खळ लावायची, पुठ्ठा चढवायची.

मास्तरांचा एक नियम होता. शिवलेल्या पुस्तकाच्या पाठीवर, वरचं कापड चढवण्याआधी, एक कागदाची पट्टी चिकटवतात. तिच्यावर सगळ्या पानांचा भार असतो, आणि पुस्तक शाबूत असेतो ती कुणाला दिसत नाही. मास्तर म्हणायचे, "तिथं कोरा कागद घालू नये. कोरा कागद ताठ असतो, मोडतो. लिहिलेला, हाताळलेला घ्यावा. तो खळ पितो आणि वाकतो."

डॉक्टरांनी आत्याला रोज सहा ओळी लिहायला सांगितल्या होत्या. झोप किती, गोळी घेतली का, आवाज आला का, मनात काय आलं. ती लिहायची. पंधरा वर्षांच्या पंधरा वह्या तिच्या ट्रंकेत साठल्या होत्या. ठकी दहा वर्षांची असताना चित्र काढायला कागद हवा म्हणून तिनं नेमकी पहिलीच वही उपसून काढली, आणि दादानं ते पाहिलं. त्यानं वही हिसकावली नाही, ओरडला नाही, हलक्या हातानं काढून घेतली, आणि ठकी खेळायला गेल्यावर, बहिणीकडे न बघता म्हणाला, "ह्या घरात नकोत. जाळून टाक."

"बरं," आत्या म्हणाली.

ती पंधराच्या पंधरा वह्या पिशवीत घालून बांधणीखान्यात घेऊन गेली. खळ शिजवायच्या शेगडीत एकेक वही टाकायची, एवढंच काम होतं. पण हात होईना... त्यात फक्त आजार नव्हता हो. आजाराशी रोज उठून केलेली झुंज होती, आणि तिची दुसरी साक्ष कुठंच नव्हती! त्या दिवशी टेबलावर ठकीचाच मोठा शब्दकोश दुरुस्तीला पडला होता. आत्यानं पहिल्या वहीतलं एक पान घेतलं, ओळी तुटू नयेत म्हणून ओळींना समांतरच एक रुंद पट्टी कापली, आणि शब्दकोशाच्या पाठीवर चिकटवली. मास्तरांनी पाहिलं, पण वाचलं नाही. म्हणाले, "चांगली धरेल."

तेव्हापासून अकरा वर्षं हेच चाललं होतं. वह्या भरत होत्या आणि पट्ट्या होत होत्या. गावातल्या ग्रंथालयात कपाटांमागून कपाटं तिचं आयुष्य पुस्तकांच्या पाठीत उभं होतं, आणि लोक ती पुस्तकं हातात घेऊन घरी जात होते, वाचत होते, परत आणून ठेवत होते... कुणाला काही कळत नव्हतं. दिलेला शब्द मोडला नव्हता, आणि मन जाळावंही लागलं नव्हतं.

*

दुपारी दादा शाळेतून आल्यावर आत्या बाहेरच्या खोलीत गेली. तिनं पदराला हात पुसले. हात कोरडेच होते.

"दादा, ठकीला डॉक्टरांकडे न्यायला हवं. माझ्या डॉक्टरांकडे."

दादानं कप बशीत ठेवला. "परीक्षेचा ताण आहे तो. माझ्या शाळेत दरवर्षी वीस मुलं अशी होतात."

"वीस मुलं नळ सोडून उभी राहतात?"

"तुझं तिला लावू नकोस!"

तो इतक्या जोरानं कधी बोलत नसे. आतून वहिनी धावत आल्या, आणि काय झालं हे न विचारताच त्यांना समजलं. त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

"वन्सं, मी तुम्हाला आजवर कधी वाकडा शब्द बोलले? सांगा ना. तुमची पथ्यं सांभाळली, तुमच्या गोळ्या सांभाळल्या. हात जोडते तुम्हाला, माझ्या लेकीचं नाव ह्या आजाराच्या शेजारी घेऊ नका! लहानपणापासून ती तुमच्याच मांडीवर वाढली, मी काही म्हटलं नाही. आता वाटतं, तेव्हाच जर..."

"तेव्हाच काय, वहिनी?"

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. उत्तर दादानं दिलं, खिडकीबाहेर बघत, "थोडे दिवस बांधणीखान्यावर राहतेस का? तिथं मागे खोली आहेच. ती तुला बघते, तुझं बसणं, तुझं गप्प राहणं... शिकतं गं पोर बघून बघून."

म्हणजे आपण संसर्गासारखे आहोत तर! सव्वीस वर्षं आपण ह्या घरात दबक्या पावलांनी वावरलो, हसलो तर फार हसू नये म्हणून, रडलो तर फार रडू नये म्हणून स्वतःवर पहारा ठेवला, आणि शेवटी आपलं गप्प बसणंही बाधलं म्हणायचं... पण आत्याच्या तोंडातून निघाला तो तिचा नेहमीचाच शब्द.

"बरं."

पिशवी भरायला दहा मिनिटं पुरली. जाताना ती ठकीच्या बंद दारापाशी थांबली. वहिनी बोळात पहाऱ्यासारख्या उभ्या होत्या. आत कागद चुरगळल्याचा आवाज झाला. पोरगी दाराला टेकूनच बसली असावी. आत्याच्या मनात एका बाजूला आईचे ते दोन हात होते, आणि दुसऱ्या बाजूला, बोटभर जाडीच्या लाकडापलीकडे, ही! शब्द पाळावा तर पोर बुडते, मोडावा तर...

"ठके," ती एकाएकी म्हणाली, "तुझा तो मोठा शब्दकोश आहे ना, मी बांधलेला? त्याची पाठ फाड."

"हे काय भलतंच?" वहिनी चमकल्या.

"काही नाही वहिनी. जुनी बांधणी आहे. आत कसर लागलीय का तेवढं बघायचं होतं."

पंचवीस वर्षांच्या जवळपास पुस्तकं सांधण्यात घालवलेल्या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा कुणाला पुस्तक फाडायला सांगितलं, आणि ती मागे न बघता पायऱ्या उतरली.

*

बांधणीखान्याच्या मागच्या खोलीत एक खाट, एक खुंटी आणि एक नळ होता. पुढच्या खोलीत दाबयंत्र, पुठ्ठ्यांची थप्पी, आणि सरसाचा तो जुना, थोडा आंबूस वास. आत्यानं दोन दिवस तिथं काम केलं. रस्त्यावर पाऊल वाजलं की तिचा हात सुईवर थांबे. पाऊल पुढं निघून गेलं की सुई पुन्हा चाले. जेवताना समोर कुणी नव्हतं. "मीठ कमी झालंय का?" असं ती एकदा मोठ्यानं म्हणाली, आणि मग आपलं आपणच म्हणाली, "नाही, ठीक आहे." पोरीनं पाठ फाडली असेल का? फाडून वाचली असेल का? की आत्याही शेवटी कामातून गेली, असं समजून शब्दकोश बाजूला सारला असेल?

तिसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथपालबाई पुस्तकांचा गठ्ठा घेऊन आल्या होत्या. चष्मा नाकावर घेऊन त्या कुठल्या पुस्तकाचं काय करायचं ते सांगत होत्या, तोच दारात ठकी येऊन उभी राहिली. घरातल्या चपला, न विंचरलेले केस, दोन्ही कानांत कापूस. हातात पिवळी पडलेली, वाळलेल्या खळीचे पापुद्रे निघालेली पट्टी.

"हे अक्षर तुझं आहे?"

"हो."

"अक्षर तुझं आहे, आत्या... पण हे सगळं माझं आहे! तुला कसं कळलं?" आणि ती मोठ्यानं वाचू लागली.

"आज नळ दोनदा सोडला. पाणी वाहत असलं की तो बोलत नाही.
बंद केला की पुन्हा सुरू. म्हणतो, सगळ्यांना कळलंय.
डॉक्टर म्हणाले, हा आजार आहे, तुझा दोष नाही. मोठ्यानं म्हणायला लावलं. म्हटलं.
पाहुणे आले. दादा म्हणाला, आत जा, दार लाव. लावलं.
गोळी घेतली. चार तास झोप.
आज तो थोडा लांब गेला. रस्त्याच्या पलीकडे गेल्यासारखा."

ती थांबली. "तो रस्त्याच्या पलीकडे जातो, हे खरं?"

"खरं," आत्या म्हणाली. तिनं पुढं होऊन पोरीचे गार हात धरले. "आधी रस्त्याच्या पलीकडे, मग गल्लीच्या टोकाला. माझा अजून येतो अधूनमधून. पण आता परक्यासारखा येतो, घरच्यासारखा नाही."

ठकी तिच्या खांद्यावर कोसळली. तेवढ्यात धापा टाकत दादा आला. त्याला आधी मुलगी दिसली, मग बहीण, आणि मग ग्रंथपालबाई. आणि त्यांना बघताच, सव्वीस वर्षांच्या सवयीनं, त्याच्या चेहऱ्यावर एक हसू आपोआप येऊन बसलं.

"काही नाही बाई, परीक्षा आहे ना... जरा डोकं दुखतंय तिचं."

ठकीनं मान वर केली. ती बापाकडे बघत नव्हती. आत्याकडे बघत होती. त्या नजरेत एकच प्रश्न होता, आणि आत्याला तो ऐकू आला. आता आपण गप्प राहिलो, तर हीसुद्धा जीवनसत्त्वाच्या बाटलीत जाईल. हिचेही दात महिन्याच्या महिन्याला दुखतील. पाहुणे आले की हीही दार लावून घेईल...

"डोकं दुखत नाहीय, बाई," आत्या म्हणाली. आवाज फाटला, पण थांबला नाही. "मला मनाचा आजार आहे. नसलेले आवाज ऐकू येतात. सव्वीस वर्षं गोळ्या घेते, आणि जवळजवळ तेवढीच वर्षं तुमची पुस्तकं बांधते. माझ्याबद्दल एवढंच सांगते."

"आणि मलाही," ठकी म्हणाली. "माझं नवीन आहे."

ग्रंथपालबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग गठ्ठा तसाच टेबलावर ठेवून, "मी... मी नंतर येते," म्हणत त्या निघून गेल्या.

"काय केलंस हे!" दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. "आईला दिलेला शब्द..."

"मोडला, दादा. आई रागावली असेल तर माझं मी ऐकून घेईन. पण ह्या पोरीनं नळाच्या सोबतीनं म्हातारं व्हावं, हे मला बघवणार नाही! आम्ही डॉक्टरांकडे निघालोय. दाताच्या नव्हे. बरोबर चल, नाहीतर बाजूला हो."

जन्मात त्याच्याशी ती अशी बोलली नव्हती. दादा दारातून बाजूला झाला... बरोबर आला नाही.

*

ठकीवर उपचार सुरू झाले. दुसऱ्या खेपेपासून तिला वहिनीच डॉक्टरांकडे नेऊ लागल्या. आत्याला घरी परत ये असं कुणी म्हटलं नाही, आणि तिनं विचारलं नाही. आपण घरात असलो तर वहिनींना आपल्यात रोज ठकीचं उद्याचं रूप दिसेल. त्यापेक्षा न दिसलेलं बरं, पोरीची नीट काळजी तरी घेतील, असं तिनं स्वतःच ठरवून टाकलं.

ग्रंथालयातून एक चिठ्ठी आली. मोठ्यांची पुस्तकं पूर्वीप्रमाणे पाठवू. मात्र बालविभागाची पुस्तकं यापुढे दुसरीकडे बांधायला देण्याचं समितीनं ठरवलं आहे. पालकांच्या भावनांचा विचार करता, वगैरे. आत्यानं ती दोनदा वाचली. लहान मुलांची पुस्तकं तिची सगळ्यांत लाडकी! कोपरे चघळलेली, राजाला पेन्सिलीनं मिशा काढलेली, पानापानांत बिस्किटाचा भुगा असलेली... त्यांना तिचा हात लागायला नको होता. तिनं चिठ्ठीच्या मागं 'बरं' असं लिहिलं. मग ते खोडलं. मग पुन्हा लिहायला दुसरं काही सुचेना, म्हणून चिठ्ठी ठेवून दिली.

दिवस गेले. शेजारचा दुकानदार, जो रोज "काय बाई, झाला का चहा?" विचारायचा, तो आता रस्त्याकडे बघत विचारायचा. रविवार सगळ्यांत लांब असे. एका रविवारी तोही आला, तिचा जुना परका. "बघा, एकटी पडली," म्हणाला.

"पडले. मग?" आत्या दोऱ्याला मेण लावत म्हणाली. "तुला तरी दुसरं कोण आहे?"

अडीच महिन्यांनी, एका दुपारी, ग्रंथपालबाई बांधलेली पुस्तकं न्यायला आल्या असताना, दारात दादा उभा दिसला. त्याच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं जाडजूड काहीतरी होतं, आणि मागे ठकी. तिच्या कानांत कापूस नव्हता. चेहरा गोळ्यांनी थोडा सुजला होता, डोळ्यांवर झोप होती. पण केस विंचरलेले होते, आणि ते तिचे तिनं विंचरले होते हे वाकड्या भांगावरून कळत होतं.

दादानं शब्दकोश टेबलावर ठेवला. "पाठ फाटलीय. बांधून देशील?"

"देईन. ठेवून जा."

"थांबतो." तो ग्रंथपालबाईंकडे वळला. चेहऱ्यावर ते जुनं हसू आलं नाही. "बाई, ही माझी धाकटी बहीण. हिला आजार आहे, माझ्या मुलीलाही आहे, दोघींचं औषध चालू आहे. मी एका शाळेचा मुख्याध्यापक आहे, आणि हे सांगायला मला सव्वीस वर्षं लागली. काल शाळेत शिक्षकांना सांगितलं, आज तुम्हाला सांगतोय. माझ्या मुलीचं प्रत्येक पुस्तक हिनं बांधलंय. मुलांची पुस्तकं हिच्याकडून काढू नका. समितीपुढं बोलायचं तर मी येतो."

ग्रंथपालबाईंनी हातातली पुस्तकं टेबलावर ठेवली. "चिठ्ठी मीच लिहिली होती," त्या म्हणाल्या. "तेव्हाच हात अडखळला होता. पण लिहिली... मी विषय काढते पुन्हा. होईलच असं सांगत नाही." आणि जाताना दारातून मागे वळून आत्याला म्हणाल्या, "येते हं, बाई." रस्त्याकडे न बघता म्हणाल्या.

दादानं खिशातून पाकीट काढलं. त्यात ती पट्टी होती, घडी न पाडता ठेवलेली.

"ही रोज वाचतो," तो म्हणाला. "'दार लाव. लावलं.' एवढंच? रागावली नाहीस? अगं, दोन वाईट शब्द तरी लिहायचे होतेस माझ्याबद्दल!"

"सहाच ओळी लिहायच्या होत्या, दादा. जागा नव्हती."

तो हसला, आणि हसता हसता मोठा, पिकल्या केसांचा तो माणूस टेबलावर डोकं टेकून ढसाढसा रडू लागला. आत्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. खळीचा हात होता; कोटावर पाच बोटं उमटली.

"तुझी खोली तुझ्या वहिनीनं झाडून ठेवलीय," तो डोकं न उचलता म्हणाला. "बाटलीवरचं ते जीवनसत्त्वाचं लेबलही काढून टाकलं, औषधाचं खरं नाव लिहून लावलंय. यायला लाजतेय. तू ये..."

आत्यानं शब्दकोश उलगडला, जुनी खळ खरवडली, फर्मे पुन्हा शिवले. पाठीवर लावायला तिनं ती पट्टी उचलली, तेव्हा दादानं तिचा हात धरला. "आत नको. वर लाव. उघडलं की पहिल्यांदा दिसेल अशी."

"मी लावते," ठकी म्हणाली. पाठीत आत्यानं रद्दीतला दुसरा कुठला तरी लिहिलेला कागद घातला; आणि पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला, जिथं माणसं आपलं नाव लिहितात तिथं, ठकीनं ती पट्टी ठेवून तळहातानं सपाट केली. दादानं दाबयंत्राचा दांडा फिरवला. जरा जास्तच फिरवला. आत्यानं अर्धा फेरा सैल केला.

"माझे हात किती चिकट झालेत बघ," म्हणत ठकी मागच्या खोलीत गेली. नळ सुटला.

दोघं भावंडं दाबयंत्राच्या दोन बाजूंना उभी होती. पाणी वाहत होतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. दादाचा हात दांड्यावर तसाच राहिला. पाणी वाहत होतं... रस्त्यावरून कुणीतरी गेलं. आत्यानं श्वास धरला होता, आणि समोर दादानंही धरला आहे हे तिला न बघता कळत होतं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ती हा आवाज एकटी ऐकत नव्हती. पाणी वाहत होतं...

नळ बंद झाला.

"आत्या," आतून ठकी ओरडली, "टॉवेल कुठंय गं?"